नगरची माती आणि पहाडी पाहुणे

चार वर्षांपूर्वी माझा एक भाचा दार्जिलिंगची सहल करून परतला, तेव्हा घरातल्या सगळ्यांसाठी त्याने चहाची पुडकी आणली आणि माझ्यासाठी मात्र एक रोप आणले. कुठल्याशा रोपवाटिकेतून विकत घेतलेले, जेमतेम वीतभर उंचीचे, जाड चामड्यासारख्या पानांचे ते झुडूप होते. "मामा, हा बुटक्या जातीचा ऱ्होडोडेंड्रॉन. तिकडे बर्फाच्या खालच्या अंगाला ह्यांचे ताटवेच्या ताटवे असतात," असे त्याने मोठ्या उत्साहाने सांगितले. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. झाडांतले मला कळते ते इतकेच, की खड्डा चांगला खणावा आणि पाणी वेळेवर घालावे. त्याप्रमाणे तुळशीवृंदावनाच्या मागे सावली पाहून मी खड्डा खणला, शेणखत घातले आणि विहिरीचे पाणी शिंपून पाहुण्याची प्रतिष्ठापना केली.

चैत्रात लावलेले रोप आषाढापर्यंत नुसते उभे राहिले. श्रावणात त्याच्या कोवळ्या पानांचा रंग बदलू लागला. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, जणू कोणी पिवळ्या कागदावर हिरव्या शाईने नदीचा नकाशाच काढला आहे! पाणी कमी पडते म्हणून मी अधिक घातले, तर पिवळेपणा वाढला. शेवटी आमच्या माळीबुवांना बोलावले. त्यांनी उकिडवे बसून पान उलटेसुलटे केले आणि एका वाक्यात निकाल दिला.

"मास्तर, ह्याला केवडा झालाय. आमच्या उसाला होतो ना, तसाच."

"मग औषध काय?"

"हिराकस फवारून बघा. पर मातीच ह्याच्या अंगाची न्हाई. पाव्हणा इथं ऱ्हायचा न्हाई."

आणि खरोखरच पुढच्या चैत्राला तो पाहुणा राहिला नाही.

रोप गेल्याचे दुःख फार मोठे नव्हते. परंतु माळीबुवांचे 'मातीच ह्याच्या अंगाची नाही' हे वाक्य मात्र मनात घर करून बसले. ज्या नगरात चारपाचशे वर्षांपूर्वी सुलतानांनी बागांवर बागा उठवल्या, जिथे किल्ल्याच्या तटाआड देशाच्या पुढाऱ्यांनी कुदळ हातात घेऊन फुलांचे वाफे केले, त्या नगरच्या मातीला एक वीतभर झुडूप जगवता येऊ नये? मी पुस्तके काढून बसलो. शाळेतले माझे विज्ञानाचे सहकारी सेवानिवृत्त होऊन शेजारच्याच गल्लीत राहतात, त्यांनाही ह्या कामाला जुंपले.

त्यांनी प्रथम मला एक गंमत दाखवली. माझ्या बागेतले ढेकूळ फोडून त्यांनी बशीत ठेवले आणि त्यावर सौम्य आम्लाचे चार थेंब टाकले. माती सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली! "हा तुमच्या पाहुण्याचा मारेकरी," ते म्हणाले, "चुना."

आपली काळी माती ही काळ्या पाषाणाची, बेसॉल्टची लेक आहे. ह्या दगडात चुन्याचा अंश असतो. दगड झिजतो, त्यातला चुना मोकळा होतो. आणि जिथे पाऊस भरपूर आहे तिथे तो धुऊन जातो. परंतु नगर शहराच्या वाट्याला पाऊस येतो तो वर्षाकाठी २२-२३ इंचांचा. तेवढ्याने चुना धुतला जात नाही. तो खाली मुरतो आणि पांढऱ्या खड्यांच्या रूपाने मातीतच साठून राहतो. विहीर खणताना जे चुनखडीचे खडे निघतात ते हेच. विहिरीचे पाणीही अर्थातच त्याच चुन्यातून पाझरून येते, म्हणून ते जड. त्यात डाळ शिजत नाही, हे आमच्या घरातल्या बायकांना कोणत्याही शास्त्रज्ञाच्या आधीपासून ठाऊक आहे.

मातीचा आंबटपणा मोजण्याची पट्टी शास्त्रज्ञांना मिळाली ती १९०९ साली. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या एका बिअरच्या कारखान्याला जोडलेल्या प्रयोगशाळेत सोरेन्सन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ती काढली. इंग्रजीत तिला पीएच म्हणतात, आपल्या शेतीच्या पुस्तकांतून 'सामू' म्हणतात. सामू सात म्हणजे ना आंबट ना खारट. सातच्या खाली आंबट, वर गेले की अल्कधर्मी. आमच्याकडच्या काळ्या मातीचा सामू बहुधा आठच्या आसपास, आणि चोपण जमिनीत त्याहूनही वर. ऱ्होडोडेंड्रॉन, अ‍ॅझेलिया आणि त्यांच्या गोतावळ्यातल्या झुडपांना हवा असतो तो साधारण साडेचार ते सहा. अंतर आकड्यांत लहान दिसते, पण ह्या पट्टीवरची प्रत्येक पायरी दसपट असते. म्हणजे सामू पाचच्या जमिनीतून आठच्या जमिनीत आणलेले रोप हजारपटीने कमी आंबट मातीत येऊन पडते!

असे झाले म्हणजे झाडाचे नेमके बिघडते काय? मातीत लोह असते. आपल्या मातीत तर ते मुबलक. परंतु चुन्याच्या संगतीत ते विरघळत नाही, आणि न विरघळलेले लोह मुळांना घेता येत नाही. कोठार भरलेले, पण कुलूप लागलेले! लोहावाचून पानाला हिरवा रंग धरता येत नाही, म्हणून शिरांमधला भाग पिवळा पडतो. हाच माळीबुवांचा केवडा. प्रवरेच्या कालव्यांखाली पिढ्यान्‌पिढ्या ऊस पिकवणाऱ्या माणसाने तो एका नजरेत ओळखला, ह्यात नवल नाही. हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार. तो पानांवर फवारला की तात्पुरता हिरवेपणा येतो. शिवाय ह्या पहाडी झुडपांची मुळे केसांसारखी बारीक, वरच्या थरातच पसरणारी. आंबट पालापाचोळ्यात वाढणाऱ्या एका बुरशीशी त्यांची सोयरीक असते आणि तिच्या मदतीने ती अन्न मिळवतात. हा सगळा संसारच आमच्याकडे मोडतो.

असो. शास्त्र इतके पुरे. मी वळलो तो माझ्या विषयाकडे, इतिहासाकडे. आणि तिथे मला आश्चर्याचा धक्का बसला. नगर हे शहर जन्माला आले तेच मुळी एका बागेतून.

बहामनी राज्य मोडकळीस आले तेव्हा जुन्नरला मलिक अहमद हा सरदार स्वतंत्र होऊ पाहत होता. ह्याच्या बापाचे मूळ घराणे पाथरीचे आणि जन्माने ब्राह्मण, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. बहामनी सुलतानाने त्याच्यावर जहांगीरखान नावाचा सेनापती धाडला. १४९० च्या मे महिन्यात भिंगारजवळ मलिक अहमदाने ह्या सैन्यावर अचानक छापा घालून त्याचा धुव्वा उडवला. ज्या जागी हा विजय मिळाला तिथे त्याने एक महाल उठवला आणि त्याभोवती बाग लावली. तिचे नाव बाग निजाम. आणि त्या लढाईलाही पुढे 'बागेची लढाई' असेच नाव पडले. चार वर्षांनी, १४९४ साली, सीनेच्या काठी ह्याच परिसरात त्याने आपल्या नावाचे शहर वसवायला घेतले. आता २०२४ सालापासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. माझ्या जिभेला मात्र 'नगर' हीच सवय. बाग निजामच्या जागी पुढे कोट झाला, आणि सोळाव्या शतकाच्या मध्यास हुसेन निजामशहाने त्याला दगडी तट बांधला. म्हणजे नगरचा भुईकोट किल्ला हा बागेच्या पोटावर उभा आहे.

मग बागांची रांगच लागली. सावेडीच्या बाजूला हश्त बिहिश्त, म्हणजे आठ स्वर्गांची बाग. तिच्या मध्यभागी तलाव आणि तलावात अष्टकोनी महाल. शेंडी आणि वडगावकडून तिला खापरी नळांनी पाणी आणले होते. शहराच्या आग्नेयेस फराह बाग; तिथेही मध्ये पाणी आणि पाण्यात महाल. ह्या फराह बागेतली पहिली इमारत सुलतानाच्या पसंतीस उतरली नाही म्हणून ती पाडून पुन्हा नव्याने उभारण्यात आली आणि काम पुरे झाले ते १५८३ साली, मुर्तझा निजामशहाच्या अमदानीत. तिचा उंच घुमटाचा दिवाणखाना पाणी आटलेल्या तलावात अजून उभा आहे. मुलांना घेऊन मी कितीदा तरी तिथे गेलो असेन. दरवेळी मुले घुमटाखाली आरोळ्या ठोकून प्रतिध्वनी ऐकत आणि मी उगाच रागावत असे.

ह्या बागांचा विचार करताना मला एक गोष्ट जाणवली, ती पूर्वी कधी सुचली नव्हती. निजामशाही बागवानांनी दूरवरून पाणी आणले, कपूरवाडी, भिंगार, वडगाव अशा ठिकाणांहून जमिनीखालून नळ घातले. त्या कामाची थोरवी मोठी आहे. पण त्यांनी माती बदलण्याचा खटाटोप केला असे दिसत नाही. आणि तो करण्याची त्यांना गरजही नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे जी बाग होती ती इराणी धर्तीची: चार भागांत विभागलेली, मधून पाट खेळवलेली. इराणचे पठारही आपल्या दख्खनसारखेच कोरडे आणि चुनखडीचे. डाळिंब, द्राक्ष, अंजीर, गुलाब, सरू ही त्या पठाराची लाडकी झाडे; त्यांना चुन्याचे वावडे नाही. म्हणजे नगरच्या सुलतानांनी परदेशची बाग आणली खरी, पण ती आपल्या मातीच्या चुलतघराण्यातून आणली! ते जर हिमालयाकडे बघून बाग लावायला निघाले असते तर माझ्यासारखेच हात चोळीत बसले असते. आजही नगर जिल्ह्यात संगमनेर-राहात्याकडे डाळिंबाच्या बागा डोळ्यांत भरतात, त्याचे इंगित हेच असावे असे मला वाटते.

पहाडी झुडपांचे वेड आणले ते साहेबाने. जोसेफ हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ ते १८५० ह्या काळात सिक्कीमच्या डोंगरात हिंडला, तिथले कितीतरी ऱ्होडोडेंड्रॉन त्याने प्रथम जगापुढे आणले आणि त्यांचे बी लंडनजवळच्या क्यू बागेत धाडले. ह्याच सफरीत १८४९ साली सिक्कीम दरबारच्या लोकांनी त्याला काही आठवडे अटकेत ठेवले होते. झाडांच्या मागे लागलेल्या माणसाला कैदही घडते, हे लक्षात ठेवावे. पुढे कामाला येईल. विलायतेत मग घरोघर ह्या झुडपांची हौस पसरली, आणि ज्यांची जमीन चुन्याची त्यांनी दलदलीतली आंबट काळी माती आणून वाफे भरले. आपल्याकडे साहेबाने असाच एक उद्योग महाबळेश्वरला केला. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले सिंकोना, ज्याच्या सालीपासून कोयनेल होते, ते १८६० नंतर हिंदुस्थानात आले. निलगिरीवर ते रुजले. महाबळेश्वरच्या लिंगमळ्यालाही लावून पाहिले. तिथली माती तांबडी आणि आंबट, म्हणजे मातीची अडचण नव्हती. पण चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडे, हे काही त्या झाडाला सोसले नाही. प्रयोग बुडाला. लिंगमळ्याचे नाव आज तिथल्या धबधब्यामुळे लोकांना ठाऊक.

आता किल्ल्याकडे परत येऊ.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसचे पुढारी पकडले गेले. गांधीजींना पुण्यास आगाखान महालात ठेवले आणि कार्यकारिणीच्या सभासदांना नगरच्या किल्ल्यात आणले. जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, पट्टाभि सीतारामय्या, हरेकृष्ण महताब, प्रफुल्लचंद्र घोष, आणि आपले शंकरराव देव. कुठे नेले हे जनतेला सांगितलेले नव्हते, आणि पहिले काही आठवडे ह्या मंडळींना वर्तमानपत्रही मिळत नव्हते. एका ओळीच्या खोल्या, पुढे चौक आणि सभोवार भिंत, एवढेच जग.

ह्या चौकात नेहरूंनी कुदळ धरली. भर उन्हातही ते तासन्‌तास वाफे खणीत. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ त्यांनी ह्याच किल्ल्यात १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर ह्या पाच महिन्यांत लिहिला, आणि त्याच्या आरंभीच ह्या बागकामाची हकिगत येते. माती फार वाईट, दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या ढिगाऱ्याने आणि पडक्या अवशेषांनी भरलेली, अशी त्यांची तक्रार आहे. लिहिण्याचा विचार पक्का झाल्यावर कुदळ बाजूला ठेवून लेखणीने भूतकाळ खणायला ते बसले. हा उतारा मी वर्गात अनेकदा वाचून दाखवला होता; पण बशीत फसफसणारे ढेकूळ पाहिल्यावर त्याचा एक अगदी साधा, मातीचा अर्थ मला उमगला. जुन्या बांधकामांचा ढिगारा म्हणजे काय? दगड, विटा आणि चुना. निजामशाहीचे महाल, चांदबिबीच्या वेळी १५९६ च्या वेढ्यात सुरुंगाने उडालेला आणि रातोरात पुन्हा बांधून काढलेला तट, १८०३ साली वेलस्लीच्या तोफांनी पाडलेली भगदाडे, नंतरच्या गोऱ्या पलटणीच्या बराकी. दर पिढीने काही पाडले आणि काही बांधले, आणि दरवेळी चुना त्या मातीत मिसळत गेला. बाग निजामची माती आधीच चुनखडीची. तिच्यावर साडेचारशे वर्षांच्या इतिहासाचा गिलावा! मोसमी फुलझाडांनी ती सोसली. त्यांना फार आंबट माती लागत नाही, आणि खत-पाणी मिळाले की चार महिन्यांत ती आपला खेळ आटोपतात. आझादांच्या पत्रांतही ह्या फुलबागेचा उल्लेख येतो.

नेहरू काश्मिरी कुळातले आणि हिमालयाचे वेडे. पंत तर अलमोड्याच्या डोंगरातलेच, जिथे वसंतात बुरांसची, म्हणजे मोठ्या ऱ्होडोडेंड्रॉनची, झाडे लालभडक होतात. त्या चौकात बसून त्यांना त्या रानाची आठवण झाली असेल काय, हा प्रश्न माझ्यासारख्या रिकामटेकड्या माणसाला पडल्याशिवाय राहत नाही. पण आंबट मातीचे एक पहाडी झुडूप त्या किल्ल्यात रोज पहाटे हजर होत असे, ते मात्र मौलानांच्या पेल्यात. चहाचे झाड हे ह्याच पंथातले. त्यालाही चुना चालत नाही. मौलाना पहाटे तीन-चारला उठत, स्वतःच्या हाताने चहा करीत, आणि तो चिनी, मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वास दिलेला. दूध घालणे त्यांच्या लेखी चहाचा अपमान. चहाविषयी, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांविषयी, आपल्या एकान्ताविषयी त्यांनी एका मित्राला उद्देशून पत्रे लिहिली. ती तुरुंगातून धाडता येत नव्हती. 'गुबार-ए-खातिर' ह्या नावाने ती १९४६ साली प्रसिद्ध झाली.

त्यांतले एक पत्र एप्रिल १९४३ चे आहे. मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्याला आजारी होत्या. सरकारकडे सवलत मागायची नाही असे मौलानांनी ठरवले होते, आणि ते अखेरपर्यंत त्यापासून ढळले नाहीत. ९ एप्रिलला बेगमसाहेबा गेल्या. किल्ल्यातल्या त्यांच्या आवारात एक जुनी कबर होती. कोणाची, कोणाला माहीत नाही. ती शेकडो वेळा डोळ्यांखालून गेली होती. त्या दिवसानंतर तिच्याविषयी एकाएकी आपुलकी वाटू लागली, असे त्यांनी लिहिले आहे. फुलांचे वाफे, चिमण्या आणि ती कबर, सगळे एकाच चौकात. माझ्या मते नगरच्या किल्ल्यावर लिहिलेल्या हजारो पानांत इतके थोडक्यात इतके जड असे दुसरे काही नाही.

१९४५ च्या मार्चअखेर नेहरूंना नगरहून उत्तरेला हलवले, आणि दोनतीन तुरुंगांतून फिरवून अखेर १५ जूनला सोडले ते अलमोड्याच्या तुरुंगातून. जवळजवळ तीन वर्षे चुन्याच्या मातीत काढून ते बाहेर पडले ते नेमके बुरांसच्या मुलखात. पण जून म्हणजे बुरांसचा बहर ओसरून गेलेला.

हे सारे वाचून झाल्यावर मला वाटू लागले, की आपल्या जिल्ह्याला आंबट माती मुळीच लाभलेली नाही. ते चूक आहे हे माळीबुवांनी दाखवून दिले. त्यांची लेक अकोल्याच्या बाजूला दिली आहे. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात ते मला रतनवाडीला घेऊन गेले. कळसूबाई, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटरचे, आणि हरिश्चंद्रगड ही दोन्ही ह्याच तालुक्यात. आणि पाऊस नगर शहराच्या कितीतरी पट. त्या पावसाने मातीतला चुना केव्हाच धुऊन नेला आहे. कातळावरच्या ओल्या पठारावर सोनकी आणि तेरडा तर होताच, पण वाकून पाहिले तेव्हा गवतात गेंदाची पांढरी बटणे, सीतेच्या आसवांची निळी फुले आणि किडे खाणारा चिमुकला दवबिंदूही दिसला. दवबिंदू आणि सीतेची आसवं किडे धरून खातात, कारण त्या धुपलेल्या मातीत दुसरे अन्न फारसे उरलेले नसते. मी खिशात आम्लाची कुपी नेली होती. तिथल्या मूठभर मातीवर चार थेंब टाकले. माती गप्प. माळीबुवा मान डोलावून म्हणाले, "बघा मास्तर, ही माती तुमच्या पाव्हण्याच्या अंगाची." मग थोडे थांबून, "पर इथून न्यायची न्हाई. अभयारण्य हाय." मीही नेली नाही.

घरी आल्यावर मात्र हट्टाने दुसरा डाव मांडला. ह्या वेळी जमिनीत नाही, कुंडीत. कुंडी मातीची, तळाला विटांऐवजी काळ्या दगडाची खडी, कारण विटांना जुन्या चुन्याचा लेप असू शकतो. वर कुजलेला पालापाचोळा, नारळाच्या काथ्याचा भुसा, थोडी तांबडी माती आणि चिमूटभर गंधक. पाणी विहिरीचे अजिबात नाही. पन्हाळीखाली पिंप ठेवून साठवलेले पावसाचे. उन्हाळ्यात ते पिंप आटते, तेव्हा आमच्या घरात रोप आणि माणसे ह्यांच्यात पाण्यावरून भांडण होते, आणि सौभाग्यवतींचे म्हणणे असे की ह्या झुडपाइतके लाड तिचे कधी झाले नाहीत. रोपही ह्या वेळी दार्जिलिंगचे नाही. महाबळेश्वरहून आणलेला साधा अ‍ॅझेलिया. वैशाखात चाळीस अंशांच्या वर पारा गेला की त्याला न्हाणीघराच्या उत्तरेच्या खिडकीत हलवावे लागते, भोवती ओले गोणपाट टांगावे लागते. मातीचे औषध सापडते. उन्हाचे सापडत नाही.

तुळशीमागच्या जुन्या खड्ड्यात माळीबुवांनी मला न विचारता डाळिंब लावून टाकले आहे. ते छातीइतके वाढले आहे, आणि यंदा त्याला सात फळे धरली आहेत. कुंडीतल्या झुडपाला दुसरे वर्ष सरत आले. त्याने अजून एकही कळी धरलेली नाही. पाने मात्र शिरांसकट हिरवी आहेत.